२० किलो लिहिलंय ना, मग २० भरू दे!

जिममधल्या प्लेटवर ठसठशीत २० कोरलेलं, आणि काट्यावर एक भरते साडेएकोणीस, दुसरी वीसच्या वर! बार खांद्यावर घेतला की एका बाजूला ओढतो, कंबर तिरकी होते, आणि ट्रेनर वर सांगणार, "फॉर्म सुधार." अरे, आधी लोखंड सुधारा! आंतरराष्ट्रीय वेटलिफ्टिंग स्पर्धेत २५ किलोच्या प्लेटला फार तर २५ ग्रॅम जास्त किंवा साडेबारा ग्रॅम कमी, एवढीच सूट असते. तितकं काटेकोर कुणी मागत नाही. पण ओतीव प्लेट एकदा काट्यावर ठेवून खरं वजन रंगाने लिहायला काय जातं? महिनोन्‌महिने घाम गाळून अडीच किलो वाढवायचे, आणि ते खरंच वाढले का हेच कळू नये? निदान सारख्या वजनाच्या जोड्या तरी लावून ठेवा!