"येकदाच नीट लिवून घे"

ऑगस्ट 2019. शिरोळ तालुक्यातल्या पूरग्रस्तांची एका शाळेत सोय केली होती. बाकं भिंतीला लावून एकेका वर्गात दहा-बारा कुटुंबं. मी समुपदेशक म्हणून गेलेले, गळ्यात ओळखपत्र, हातात वही. एका आजींजवळ बसले नि विचारलं, "आजी, झोप लागतीय का?"

आजींनी आधी वहीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "सकाळधरनं तू तिसरी. आता येकदाच नीट लिवून घे आन् फुडच्या पोरींना दे. घर गेलं, म्हस गेली. किती येळा सांगू?"

वही मिटली आणि त्यांच्याबरोबर तांदूळ निवडत बसले. दुसरं काय करणार!

आम्ही तिघी तीन संस्थांच्या. एकीला दुसरीचा पत्ता नाही. आणि तिथून चार किलोमीटरवरच्या छावणीत आमच्यातलं कुणीच पोचलं नव्हतं, हे मला आठवड्यानं कळलं. बरं, घडलेलं लगेच सगळं वदवून घेतलं की मन मोकळं होतं, ही समजूतही आता जुनी झाली. असं करू नका, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. बोलायचं तर माणूस आपणहून बोलतो, तांदूळ निवडताना.

त्याच शाळेत एक तरुण कोपऱ्यात पुटपुटत बसलेला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) सगळे म्हणत होते, पुराचा धक्का बसलाय. आईशी बोलले तेव्हा कळलं, त्याचे मानसोपचार बरीच वर्षं चालू आहेत, गोळ्यांचा डबा घरात राहिला आणि घर पाण्यात. चार दिवस गोळी नाही. त्याला माझं समुपदेशन नको होतं, गोळी हवी होती. रस्ते बंद. माझी हॉस्टेलची रूम पार्टनर मानसोपचारतज्ज्ञ आहे म्हणून तिला फोन लावला. तिनं कुठून कुठून विचारून त्याची जुनी फाइल शोधली, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांशी बोलली, आणि दुसऱ्या दिवशी औषधांच्या गाडीतून गोळ्या आल्या.

सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मला मात्र भीतीच वाटली. हॉस्टेलची रूम पार्टनर ही काही यंत्रणा नव्हे.

कागदावर कमी काही नाही. आपत्तीत मानसिक आधार कसा द्यायचा, याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना 2007 सालच्या, आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या 2009 च्या. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. 2022 पासून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबरही आहे. पण कागद कागदाला ओळखत नाही, माणसं ओळखतात. आणि तज्ज्ञ आहेतच किती? 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्यं होती, त्यातलं केरळ सोडलं तर कुठंही लाखामागं एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा भरत नव्हता. तज्ज्ञ असे कमी, म्हणूनच 1999 च्या ओडिशातल्या चक्रीवादळानंतर निम्हान्स या बंगळूरच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या मंडळींनी गावातलेच कार्यकर्ते शिकवून तयार केले. आमच्याकडं आशाताई आहेत. कुणाच्या घरी कुणाला कसली गोळी चालू आहे, हे त्यांना पाठ असतं. पण आमच्या बैठकांना त्यांना कोण बोलावतं?

2021 च्या जुलैत पंचगंगा पुन्हा चढली. पुन्हा तीच धावाधाव, "तुमच्याकडं कुणाचा नंबर आहे का?"

म्हणून आम्ही सात-आठ जणींनी आता उन्हाळ्यातच बसायचं ठरवलंय. तालुकावार एकच कागद: मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक, आशाताई, रात्री फोन उचलणारा मेडिकलवाला, तलाठी. (तलाठी कशाला, असं एकानं विचारलं. पंचनामा झाला त्या रात्री शांत झोपलेली माणसं मी बघितलीत.) कोण कुठल्या छावणीत जाणार ते आधी ठरलेलं, आणि वही सगळ्यांची मिळून एकच.

आजींच्या म्हशीमुळं एक रकाना वाढवलाय, जनावरांच्या डॉक्टरांचा. शिरोळ आणि हातकणंगल्यात तो अजून रिकामा आहे. कुणाच्या ओळखीत असतील तर त्यांना विचारून नंबर इनबॉक्सला पाठवा, मी स्वतः जाऊन भेटते.