पप्पा रडायलेत!

घरात पुरुष माणसानं रडायचं कुठं, ह्याचा विचार आमच्याकडं कुणी केलेलाच नाही. बायकांना पदर आहे, स्वयंपाकघर आहे, अगदीच काही नाही तर कांदा आहे. मी परभणीत मोंढ्यात आडतीवर मुनीम, मिशा बऱ्यापैकी, दिवसभर हमालावर अन उधारीवाल्यावर ओरडून घसा बसलेला असतो, अन रात्री टीव्हीवर एखादा म्हातारा धोतराच्या सोग्यातून घडी घातलेली नोट काढून नातवाच्या हातात कोंबताना दिसला की आपली हनुवटी थरथरायला लागते. हनुवटीला आवरायचं कसं हे कुणी शिकवत नाही.

मरणाच्या सीनला मला काही होत नाही बरं का. सिरियलमध्ये कुणी गेलं की प्रत्येकाच्या तोंडावर तीन तीन वेळा झूम, वर ढगांचा गडगडाट, सुनेच्या डोळ्यात ग्लिसरीन पण काजळ जागच्या जागी, मी आपला निवांत भाकर कुस्करून खातो. पण कुणी कुणाशी चांगलं वागलं की खेळ खल्लास. २००४ चा 'श्वास' घ्या. पोराला डोळ्याचा कॅन्सर, ऑपरेशन झालं की दिसायचं कायमचं बंद, तर आजोबा त्याला दवाखान्यातून गुपचूप बाहेर काढतो अन शहर दाखवत फिरवतो. बास, एवढंच. कुणी हंबरडा फोडत नाही, उलट पोरगं मजेत असतं, म्हणून तर वाट लागते. पिक्चर ऑस्करला भारताकडून गेला होता, तिकडच्या परीक्षकांनी नाकाचं काय केलं असेल देव जाणे.

कारण खरा घात नाकच करतं. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात बारीक भोक असतं, तिथून नळी थेट नाकात उतरते, आसवं जास्त झाली की निम्मी त्या वाटेनं जातात. डोळे एकवेळ चष्म्याआड लपवता येतात, पण सुर्रर्र आवाज कुठं लपवणार? तो आला की पोरगी टीव्ही सोडून माझ्याकडंच बघते अन अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडते, "मम्मी, पप्पा रडायलेत बघ!" बायको आतून, "कामून ओ, काय झालं?" काय झालं म्हणजे काय सांगू, म्हाताऱ्यानं वीस रुपये दिले.

आधीची पिढी ह्या बाबतीत सुखी होती. १९९१ ला 'माहेरची साडी' आला, आमच्या मायनं तो जत्रेतल्या तंबूत बघितला, बाया एकीकडं, बाप्ये एकीकडं, मधी कनात. अलका कुबलचे हाल सुरू झाले की बायांच्या बाजूनं रीतसर हुंदके यायचे अन बाप्यांच्या बाजूला एकदम बिड्या पेटायच्या. धुरानं डोळे चुरचुरायलेत म्हणलं की विषय संपला. पुढं आमच्या वेळेला लोडशेडिंग होतं, ऐन सीनला लाईट गेली की अंधारात पोटभर रडून घ्यायचं, वरून महावितरणला शिव्या घालायच्या, कुणाला शंका नाही. नंतर घरात इन्व्हर्टर आला अन तो आधारही गेला.

क्रिकेटला मात्र सगळं माफ आहे, हे मला अजून झेपलेलं नाही. १६ नोव्हेंबर २०१३, वानखेडेवर सचिन हातात नावांची यादी घेऊन बोलायला उभा राहिला. मोंढ्यात सोयाबीनची आवक जोरात, पण काटे बंद, हमाल, व्यापारी, शेतकरी सगळे चहाच्या हॉटेलातल्या टीव्हीपुढं. भाषण झालं अन गडी एकटा खेळपट्टीकडं गेला, वाकून तिला हात लावून नमस्कार केला, तर आमचे शेठ, जे पावशेर कटतीसाठी शेतकऱ्याशी तासभर भांडतात, ते उपरण्यात तोंड खुपसून रडायले. एकानंबी विचारलं नाही, कामून रडायलात म्हणून. हॉटेलवाल्यानं तर चहाचे पैसेबी घेतले नाहीत. तेच शेठ दुसऱ्या दिवशी मला म्हणतात, पिक्चर बघून काय रडता ओ मुनीम, बायकांवानी.

मग मी एक युक्ती काढली. सीन जवळ आला की वास येतोच, बासरी हळू वाजायला लागते, म्हातारं माणूस खिडकीतून बाहेर बघतं. तेवढ्यात उठायचं अन पाणी प्यायला माठाकडं जायचं. तिथं दोन ग्लास पाणी, एक मोठा खाकरा, तोंड धुऊन परत. लई दिवस चाललं हे. मग घरच्यांनी त्याचा उलटा अर्थ काढला, पप्पा पाण्याला उठले की पोरगी मोबाईल खाली ठेवते, "चांगला सीन यायलाय" म्हणून आज्जीला पण हाक मारून बोलावते.

तरी तेवढ्या वेळात सीन निघून तर जायचा. आता ओटीटी आलंय. परवा मी उठलो तर बायकोनं शांतपणे रिमोट उचलला, म्हातारा खिशात हात घातलेल्या अवस्थेत तिथंच थांबवला अन म्हणली, "या पिऊन निवांत, तोवर नाही पुढं जात."