‘ऑर्डर म्हणजे ऑर्डर’वाल्या फॉरवर्डबद्दल

भाचा भरतीची तयारी करतोय, पहाटे उठून सोळाशे मीटर मारतो, गुणी पोरगं आहे. काल त्याच्या स्टेटसला ते फॉरवर्ड दिसलं आणि डोकंच फिरलं. त्यात काय, तर सैनिकाने विचार करायचा नसतो, ऑर्डर नाकारली तर जागेवर गोळी घालतात, पाप लागलंच तर ते ऑर्डर देणाऱ्याला, आणि यावर प्रश्न विचारणारे देशद्रोही. शेवटच्या मुद्द्याला उत्तर द्यायला मला वेळ नाही.

‘जागेवर गोळी’ कुठल्या पिक्चरमधून उचललंय? आर्मी ॲक्ट १९५०, कलम ४१, वाचायला दोन मिनिटं लागतात. हुकूम मोडल्याची शिक्षा जास्तीत जास्त १४ वर्षं कैद, तीही कोर्ट मार्शल होऊन. (बंडाला फाशी होऊ शकते, पण ते कलम वेगळं.) आणि त्यात शब्द नुसता ‘हुकूम’ असा नाहीये, ‘कायदेशीर हुकूम’ असा आहे, म्हणजे बेकायदेशीर हुकूमही असू शकतो हे कायदा करणाऱ्यांनाच माहीत होतं, मग विचार करायचा नसतो हे कुणी ठरवलं?

बरं, कायदा राहू द्या. २३ एप्रिल १९३०, पेशावरचा किस्साखानी बाजार, समोर निःशस्त्र पठाण निदर्शक, आणि इंग्रजांच्याच फौजेतल्या चंद्रसिंग गढवालींच्या तुकडीने गोळी चालवायला नकार दिला. राज्य इंग्रजांचं, जालियनवाला होऊन ११ वर्षं झालेली. त्या इंग्रजांनीसुद्धा त्यांना जागेवर उडवलं नाही, कोर्ट मार्शल केलं. चंद्रसिंगना जन्मठेप झाली, १९४१ ला सुटले. स्वस्तात सुटले असं म्हणत नाहीये मी, आयुष्यातली ११ वर्षं गेली त्यांची.

एक मात्र कबूल करावं लागतं, जिवावर आलंय तरी. शिस्त मोडली की फौज उरत नाही. खुद्द गांधीजींनीही नंतर या गढवाली शिपायांची बाजू घेतली नाही, शपथ मोडली असंच म्हणाले. मला ते पटत नाही, पण म्हणाले.

राहिलं पापाचं. व्हिएतनाममध्ये माय लाई गावात १६ मार्च १९६८ ला अमेरिकन फौजेतल्या लेफ्टनंट कॅलीच्या माणसांनी म्हातारेकोतारे, बायका, तान्ही पोरं मारली. कोर्टात तो हेच म्हणाला, कॅप्टनची ऑर्डर होती. ऐकलं नाही कुणी, २२ खुनांबद्दल दोषी ठरला. (नंतर जेमतेम साडेतीन वर्षांत सुटला आणि कॅप्टन तर निर्दोषच, तो राग वेगळा.) त्याच दिवशी तिथेच ह्यू थॉम्पसन नावाच्या पायलटने गावकरी आणि आपलेच सैनिक यांच्या मधे हेलिकॉप्टर उतरवलं आणि आपल्या गनरला सांगितलं, यांनी गावकऱ्यांवर गोळी चालवली तर तू यांच्यावर चालव. त्याला मेडल द्यायला अमेरिकेला ३० वर्षं लागली.

भाच्याला हे सगळं पाठवलं. तर म्हणतो, मामा, पण ऐनवेळी कसं कळणार कायदेशीर कुठली ते? प्रश्न रास्त आहे. कॅलीच्या खटल्यात न्यायाधीशांनी माप लावलं होतं ते साध्या, सामान्य समजेच्या माणसाचं. तेवढ्याला कळत असेल तर तुलाही कळायला हवं होतं, असं.

अंगठा आला त्यावर. स्टेटस अजून तसंच आहे.