घरच्या कर्त्याने काटकसर कशी करावी

महागाईच्या दिवसांत घर चालवायचं म्हणजे कंबर कसायला हवी. ती बायकोची कसावी. आपली दुखते. एवढं तत्त्व पक्कं झालं की पुढच्या सगळ्या सूचना आपोआप पटत जातील.

सुरुवात बाजारापासून करा. सकाळी ताजी भाजी घेणारा माणूस उधळ्या समजावा. तुम्ही दिवेलागणीला जायचं. त्या वेळी गावाकडच्या मावश्यांना शेवटची बस गाठायची घाई असते, टोमॅटोचे वाटे निम्म्या भावाला लागलेले असतात. घरी अर्धा किलो पाहिजेत, तुम्ही तीन किलो उचला. शिवाय वर पाच रुपये कमी करून घ्या. "राहू दे की ओ दादा, सकाळधरनं उन्हात बसलोय," असं ती म्हणाली तरी हलू नका. तिथं उभं राहायला लाज वाटत असेल तर काटकसर तुमचा प्रांत नव्हे.

घरी आल्यावर पिशवी कट्ट्यावर आपटायची आणि म्हणायचं, "बघ, कसं स्वस्तात आणलंय!" तुमचं काम इथं संपलं. पिकलेले टोमॅटो आणि केळी एथिलीन नावाचा वायू सोडतात, त्याने शेजारची भाजीही लवकर पिकून खराब होते, कांदे-बटाटे एकाच बुट्टीत ठेवू नयेत, वगैरे गोष्टी तुम्हाला माहीत असण्याचं काही कारण नाही. तिसऱ्या दिवशी खालचे टोमॅटो पाणी सोडतील. तेव्हा फक्त विचारायचं, "या घरात लक्ष असतं का कुणाचं?"

जून 2023 पासून कर्नाटकात साध्या सरकारी बसला बायकांना पैसे पडत नाहीत. आधार कार्ड दाखवलं की कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट फाडून देतो. या योजनेचा खरा लाभार्थी तुम्ही आहात, हे बऱ्याच जणांच्या अजून ध्यानात आलेलं नाही. खानापूरच्या बाजारात पालेभाजी स्वस्त आहे, असं कुणी चहाच्या गाड्यावर बोललं की लगेच घरी येऊन सांगा, "जाऊन ये की, बस तर फुकटच आहे." गर्दीत उभी राहून ती जाईल, पिशव्या सावरत येईल, अर्धा दिवस जाईल. कोथिंबिरीच्या पेंडीमागे पाच रुपये वाचतील. तिच्या अर्ध्या दिवसाचं काय, असं विचारणारे लोक असतात. त्यांना सांगावं, तिकिटावर शून्य छापलंय, वाचता येत नाही काय? महाराष्ट्रातल्या चंदगडच्या बाजूला मात्र पाठवू नका. पलीकडच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट पडतं आणि अर्धं म्हणजे उधळपट्टीच. सीमाप्रश्न सुटेपर्यंत तिने अलीकडचेच बाजार करावेत.

कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला 2000 रुपये तिच्या खात्यावर येतात. ते तिचेच आहेत, असं चारचौघांत ठणकावून सांगावं. मग किराण्याची यादी तिच्याकडे सरकवावी. पैसे तिचे, सामान घराचं, आणि महिनाअखेरीला शिल्लक तुमच्या खात्यात. योजना आखणाऱ्यांनाही एवढं सुचलं नसेल.

आता मुख्य विषय, म्हणजे उरलेलं अन्न. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाचा 2024 चा अहवाल म्हणतो, भारतात घराघरांतून माणशी वर्षाला सुमारे 55 किलो अन्न वाया जातं. ते दुसऱ्यांच्या घरी जात असणार. आपल्याकडे पूर्वापार चालत आलेली यंत्रणा आहे. तिला वीज लागत नाही, तिची सर्व्हिसिंग करावी लागत नाही, आणि ती सगळ्यांच्या शेवटी जेवते.

तिचा वापर असा करायचा. संध्याकाळी ती फोनवर विचारते, "किती तांदूळ टाकू ओ?" तुम्ही म्हणा, "टाक की नेहमीचाच." मग वाटेत मित्र भेटला की मिरची भजी आणि मिसळ रेटून या. घरी आल्यावर ताटाकडे बघून "भूक नाही गे" म्हणा. एव्हाना बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या बासमतीचा घमघमाट सुटलेला असतो. त्याचा दोन घास मान राखा आणि उठा. पातेल्यात चांगला दोन माणसांचा भात उरला पाहिजे.

सकाळी तुम्हाला गरम भाकरी लागते. मुलांनाही. शिळं तुम्हाला बाधतं, आईंना पचत नाही, मुलं नाक मुरडतात. सगळ्यांचे डबे गेले, धुणं झालं, की अकराच्या सुमारास ती त्या भाताला कांदा-मिरचीची फोडणी देते आणि कढईतच चमचा घालून कट्ट्याशी उभ्याउभ्या खाते. ताट घेत नाही. ताट घेतलं तर घासावं लागतं. परवाची भाकरी ताकात कुस्करून, वर शेंगाची चटणी घेऊन संपवते. मुलांनी हे रोज बघितलं की ती आपणहून म्हणू लागतात, "आईला शिळंच आवडतं." इथं समजावं की पुढच्या पिढीची काटकसरही मार्गी लागली.

भाताबद्दल डॉक्टर लोक उगाच घाबरवतात. रात्रीचा भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा म्हणे, बाहेर राहिला तर त्यात जंतू वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. तुम्ही मनावर घेऊ नका. भात चांगला आहे की नाही हे ओळखायची घरगुती पद्धत आहे. तिने खाल्ला आणि दुपारी ती उठून तुमचा चहा करू शकली, तर भात चांगला होता.

दुधाच्या बाबतीत मात्र कडक राहा. बेळगावचा कुंदा चुलीवर विसरून आटलेल्या दुधातून जन्माला आला, अशी कथा आपल्याकडे मोठ्या कौतुकाने सांगतात. विसरणारा बाप्या होता म्हणून मिठाई झाली. बाईच्या हातून दूध लागलं असतं तर गावाला एक जळकं पातेलं मिळालं असतं आणि ते घासायलाही तिलाच बसवलं असतं.

गॅस वाचवायचा तर डाळ आधी भिजवावी, कुकरची शिट्टी झाली की आच बारीक करावी. हे तिला माहीत आहे. तुम्ही फक्त चहा दिवसातून पाच वेळा आणि प्रत्येक वेळी निराळा मागायचा.

एवढी चिंगूसगिरी केल्यावर लोक नावं ठेवतील, अशी भीती वाटते? त्यासाठी लग्नं आहेत. घरचं कार्य असेल तर हजार माणसं येणार म्हणून आचाऱ्याला पंधराशेंचा अंदाज द्या. कमी पडलं तर नाव जातं. उरलं तर ते कुठं गेलं, हे दुसऱ्या दिवशी कुणी विचारत नाही. आणि पाहुणे म्हणून गेलात तर वाढप्याला कधीही "पुरे" म्हणू नका, जिलेबी घ्या, बुंदी घ्या, मसालेभातावर साधा भात घ्या, आमटी ओसंडू द्या. शेजारच्या पाहुण्यालाही आग्रह करा, "घ्या की ओ, आमच्यासाठी एक!" त्याचं ताट तुमच्या प्रेमाने भरून गेलं पाहिजे. मंगल कार्यालयवालेही समजूतदार असतात. "अन्न वाया घालवू नका" ही पाटी ते हात धुवायच्या नळावर लावतात, म्हणजे आपण ती वाचेपर्यंत ताट टाकून झालेलं असतं.

तिथून निघताना बायको एखाद्या पुड्यात चार बुंद्या बांधताना दिसली तर मात्र डोळे वटारा. इज्जतीचा प्रश्न आहे.

महिनाअखेर वही काढा. टोमॅटोत वाचले ते लिहा, कोथिंबिरीत वाचले ते लिहा, बसभाडं शून्य लिहा. बेरीज मोठ्याने वाचून दाखवा. भजी-मिसळ आणि लग्नाचा आहेर वहीत धरायचा नसतो, तो व्यवहार झाला. वही मग कपाटात वरच्या फळीवर ठेवा, तिचा हात पोचणार नाही अशी. तिलाही बेरीज येते.