माईक काढून घ्यायचा होता, तर निदान आधी सांगायचं तरी

सकाळी चहा घेता घेता फोन उघडला आणि तिथेच दिवस नासला. ईएसपीएन या खेळांच्या चॅनलने आदल्या दिवशी, ३० जून २०२३ ला, अमेरिकेत साधारण वीस जणांना घरी पाठवलं. पडद्यावर दिसणारी, लोकांना नावानिशी ठाऊक असलेली माणसं. जेफ व्हॅन गंडी, सूझी कोल्बर, जेलन रोझ, स्टीव्ह यंग, मॅक्स केलरमन, कीशॉन जॉन्सन. मी बातमी घरच्या ग्रुपवर टाकली, तर आमच्या चिरंजीवांचं उत्तर : "बाबा, हे लोक कोटींनी कमावतात. त्यांच्यासाठी तू कशाला रडतोस?" आणि पुढे तीन हसरे चेहरे.

ग्रुपवर मी काही बोललो नाही. इथे बोलतो, कारण इथे माझी माणसं आहेत. मळ्यातल्या धुळीत उभं राहून मॅच बघितलेली, पाच वाजता उठून ऑस्ट्रेलियातली टेस्ट लावलेली. तुम्हाला वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

मी नऊ वर्षं बोटीवर होतो. मायामीहून सुटणारी क्रूझ. केबिनी आवरून रात्री क्रू मेसमध्ये यायचो तेव्हा पाय सुजलेले असायचे, आणि कोपऱ्यातल्या टीव्हीवर ईएसपीएन चालू असायचं. फिलिपिनो पोरांना बास्केटबॉलचं वेड, त्यामुळे रिमोट कायम त्यांच्याकडे. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. शिकवलं ते व्हॅन गंडीने. न्यूयॉर्क निक्सचा एकेकाळचा कोच, पण माईकवर बसला की आपल्या पारावरचा माणूस वाटायचा. रेफरीवर वैतागायचा, हा नियम काढून टाका म्हणायचा, मध्येच खेळ सोडून भलत्याच विषयावर जायचा, शेजारी माइक ब्रीन त्याला हळूच परत मॅचवर आणायचा. सूझी कोल्बर सोमवारी रात्री त्यांच्या फुटबॉलच्या आधी दिसायची. अमेरिकन फुटबॉल मला आजही धड कळत नाही, पण ती बोलायला लागली की मेसमधला गोंगाट जरा कमी व्हायचा, हे मी पाहिलेलं आहे. सत्तावीस वर्षं त्या बाईने तिथे काम केलं.

घरापासून हजारो किलोमीटरवर, आईचा आवाज आठवड्यातून एकदा फोनवर, आणि रोज रात्री ऐकू येणारा हा आवाज. पोराला हे कसं समजणार? त्याच्यासाठी ते सेलिब्रिटी आहेत. माझ्यासाठी ते रात्रपाळीचे सोबती होते.

आता ज्याने डोकं फिरलं ते सांगतो. २०२३ ची एनबीए फायनल १२ जूनला संपली. डेन्व्हरने मायामीला हरवलं आणि पहिल्यांदाच चॅम्पियन झाले. माईकवर नेहमीचे तिघेच होते, ब्रीन, मार्क जॅक्सन आणि व्हॅन गंडी. त्यानंतर अठराव्या दिवशी व्हॅन गंडी घरी. अठरा दिवस! त्या रात्री मॅच संपल्यावर तो "पुढच्या सीझनला भेटू" याच समजुतीने उठला असणार. लोकांनीही तसाच टीव्ही बंद केला असणार. सोळा वर्षं जो माणूस तुमच्या घरात बोलत होता, त्याचं शेवटचं वाक्य कुठलं होतं हे कोणाच्या लक्षातसुद्धा राहणार नाही, कारण ते शेवटचं आहे हे कोणाला ठाऊकच नव्हतं.

मला राग याचा आहे. काढल्याचा नाही. न सांगता काढल्याचा.

आणि हे वाचताना मला मामाच आठवला. दुसरं कोण आठवणार?

गोव्यातल्या आमच्या वाड्यावरचे, म्हणजे वस्तीतले, लोक मामाला ओळखतात, बाकीच्यांसाठी सांगतो. माझा मामा मराठी प्राथमिक शाळेत मास्तर होता. भात कापून झालं, मळा सुकला, की जानेवारीत आमच्याकडे आंतरवाडा फुटबॉल व्हायचा, अजूनही होतो. सात सात पोरांच्या टीम. जनरेटर, माडाला बांधलेला भोंगा, टेबलावर शाल घातलेलं बक्षीस, आणि माईकवर मामा. सव्वीस वर्षं. अर्धी कोंकणी, अर्धी मराठी, गोल झाला की सरळ नाटकातली मराठी. तो पोरांना नंबराने कधीच हाक मारत नसे. मॅचच्या आदल्या संध्याकाळी सायकल काढून वाड्यावाड्यावर जायचा आणि शंभरपानी वहीत नावं उतरवून आणायचा. नाव, घर, टोपणनाव, बाप काय करतो, गेल्या वर्षी कोणाविरुद्ध गोल मारला होता. मग दुसऱ्या दिवशी भोंग्यातून यायचं, "पोस्टमनचो धाकटो बॉल घेवन गेला पळयात!" आणि बांधावर उभा असलेला पोस्टमन ताठ व्हायचा. मी स्वतः एकदाच गोल मारला, नवव्या इयत्तेत असताना. तो गोल मला आठवत नाही. भोंग्यातून आलेलं माझं नाव आठवतं.

आमचा मुलगा म्हणेल, धंदा आहे, भावनेवर चालत नाही. बरं बाबा, चालत नाही. केबलचे ग्राहक कमी होतायत, ईएसपीएनची मालक डिस्ने, तिने फेब्रुवारीतच सात हजार नोकऱ्या कमी करणार म्हणून सांगितलं होतं, सगळं मान्य. मग मे महिन्यात त्याच ईएसपीएनने टॉक शोवाल्या पॅट मॅकअफीला आणलं, त्याचा आकडा बातम्यांत पाच वर्षांचे साडेआठ कोटी डॉलर असा आला, ते पैसे कुठून आले? पैसे नाहीत असं नाही. कोणासाठी नाहीत, एवढाच प्रश्न आहे.

आणि हे अमेरिकेतच होतं असं समजू नका. २०१६ ची आयपीएल तोंडावर आलेली, आणि हर्षा भोगले पॅनलवरून गायब. आपला मराठी माणूस. त्याआधी बांगलादेशला आपण एका धावेने हरवलं, तेव्हा अमिताभ बच्चनने कॉमेंटेटर लोकांवर ट्वीट केलं होतं, धोनीने त्यावर मम म्हटलं होतं, मग लोक त्याचा संबंध जोडत बसले. खरं कारण काय ते हर्षालाही कोणी सांगितलं नाही, त्यानेच तसं लिहिलं होतं. संजय मांजरेकरलाही मार्च २०२० मध्ये असंच बाजूला केलं. मांजरेकर मला फारसा आवडत नाही, जडेजाला जे बोलला ते तर अजिबात पटलं नव्हतं. तरी बातमी वाचून वाईट वाटलं. तिकडे इंग्लंडमध्ये स्कायने २०१९ च्या ॲशेसनंतर डेव्हिड गावर आणि बोथम दोघांनाही सोडलं. पुढच्या वर्षी शनिवारच्या फुटबॉलच्या कार्यक्रमातून तिघांना एकदम. आपल्या लहानपणीच्या पहाटेचा तो चॅनल नाइन, त्याचे क्रिकेटचे हक्क २०१८ मध्ये गेले आणि कॉमेंटेटर बिल लॉरीचा माईकही त्याबरोबर बंद झाला. लॉरीचा तो चिरका, उड्या मारणारा आवाज ऐकून आमचे बाबा शेजारच्या खोलीतून ओरडायचे, "आउट कोण झाला रे?"

फुटबॉलवाल्यांनो, तुम्हाला जॉन डाइक्स आणि शेबी सिंग आठवतात ना? ईएसपीएन स्टारचा सिंगापूरचा स्टुडिओ, शनिवारी रात्री प्रीमियर लीग. म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी मासे विकणारे सुद्धा तिथल्याच स्टीव्ह मॅक्महॉनचं मत सांगायचे. २०१२ मध्ये शेबी इंग्लंडच्या ब्लॅकबर्न क्लबात गेला. मग ते चॅनल मोडलं, आपल्याकडून ईएसपीएनचं नावच गेलं, स्टार स्पोर्ट्स राहिलं. २०२२ च्या जानेवारीत शेबी वारला. तेव्हा मला कळलं की त्याला शेवटचं कधी पाहिलं ते मला सांगताच येत नाही.

हे लिहिताना मी मामाचं अर्धंच सांगितलंय. उरलेलं लिहायचं की नाही हा विचार करत मघाशी दहा मिनिटं फोन बाजूला ठेवला होता.

सत्ताविसाव्या वर्षी आम्हाला प्रायोजक मिळाला. बक्षिसाची रक्कम वाढली, आमदार येणार होते, शामियाना घातला. कमिटीत ठरलं, यंदा जरा व्यवस्थित करूया, म्हापशाहून माईकवाला आणूया, साउंड सिस्टिम त्याचीच. कोणीच विरोध केला नाही. मामाला कोण सांगणार, हे मात्र ठरलं नाही. प्रत्येकाला वाटलं दुसरा सांगेल. बहुतेकांना वाटलं मीच सांगेन, माझाच मामा ना. मी बोटीवरून कायमचा परतलो होतो आणि कमिटीचा खजिनदार होतो. मी सांगितलं नाही. आठ दिवस होते माझ्याकडे. रोज त्याच्या घरावरून जायचो, तो सोप्यावर बसलेला असायचा, मी हात करायचो आणि पुढे जायचो.

मॅचच्या दिवशी मामा आला. इस्त्री केलेला पांढरा शर्ट, काखेत वही. टेबलापर्यंत आला आणि माईकवर दुसराच पोरगा पाहिला. माझ्याकडे वळून म्हणाला, "आयज दुसरो कोण आसा?" मी प्रवेश फीच्या नोटा मोजत होतो. म्हणालो, "मामा, अवंदा कमिटीन..." एवढ्यात आमदारांची गाडी आली आणि मी उठलो. खरं म्हणजे उठायला निमित्त मिळालं म्हणून उठलो. परत आलो तर मामा पलीकडच्या बांधावर बसला होता, वही मांडीवर. हाफटाइमनंतर दिसला नाही.

नवीन पोराचं काम चांगलं होतं, हेही सांगतो. आवाज खणखणीत, लोकांनी टाळ्या दिल्या. पोस्टमनच्या धाकट्याच्या मुलाला त्याने "नंबर सेव्हन" म्हटलं.

गणेश चवथीला मी पाया पडायला गेलो तेव्हा मामा एवढंच म्हणाला, "सांगपाक जाय आशिल्लें मरे." म्हणजे, सांगायला हवं होतं रे. रागाने नाही. जसा शाळेत पाढा चुकला की सांगायचा, तसं. मी काय बोलणार? मामीने नेवऱ्या पुढे केल्या, मी खाल्ल्या.

म्हणून मला ते "कोटींनी कमावतात" सहन होत नाही. मामाला आम्ही वर्षाला एक नारळ आणि शाल देत होतो. व्हॅन गंडीला किती मिळत होते देव जाणे. माईक गेल्यावर दोघांचं जे गेलं ते पैशांत मोजायचं नसतं. व्हॅन गंडीचा करार आहे, त्याला उरलेले पैसे मिळतील. मिळू देत. पण ईएसपीएनवाल्यांनो, तुमच्याकडे एक महिना आधी कॅलेंडर नव्हतं का? फायनलच्या आधी बोलावून सांगितलं असतं, "ही शेवटची," तर काय बिघडलं असतं? शिव्या दिल्या असत्या त्याने? दिल्या असत्या तर दिल्या असत्या! सोळा वर्षं झेललात, आणखी एक रात्र झेलायची.

आवाज नसला की काय होतं ते मार्च २०२३ मध्ये बीबीसीला कळलं. मॅच ऑफ द डे हा फुटबॉलचा कार्यक्रम चालवणाऱ्या गॅरी लिनेकरला एका ट्वीटवरून बाजूला ठेवलं, तर त्याच्याबरोबरचे इयन राइट, शिअरर, कॉमेंटेटर, सगळे त्याच्यासाठी बाजूला झाले. शनिवारी मॅच ऑफ द डे वीसच मिनिटं दाखवला, कॉमेंट्रीशिवाय. गोल होतायत आणि कोणी काही बोलत नाही. पुढच्या आठवड्यात लिनेकर परत. त्याच्यामागे माणसं उभी राहिली. मामाच्या मागे बावीस जणांच्या कमिटीतला एक उभा राहिला नाही, त्यात त्याचा सख्खा भाचा होता.

एक गोष्ट मला मामीने हल्लीच सांगितली. मामा टीव्हीवर मॅच बघतो तेव्हा आवाज बंद करतो. तिला वाटायचं, त्याला आता आवाज सोसत नाही. मग एकदा चहा घेऊन गेली तर तो हळू आवाजात बोलत होता. टीव्हीकडे बघत, स्वतःशीच. कोणी पास दिला, कोण पुढे गेला.

दुपारी पाऊस थोडा उघडला तेव्हा मी कमिटीच्या आताच्या सेक्रेटरीला फोन केला. पोरगं सव्वीस वर्षांचं, मामाच्या हाताखाली पहिली शिकलेलं. म्हटलं, जानेवारीत एक मॅच, फक्त एक, मामाला माईक द्या. ऐंशीला आलाय. म्हणाला, बघूया, इतरांना विचारावं लागेल. विचार म्हटलं. तुमच्यातले जे कमिटीत आहेत ते हे वाचतायत, मला ठाऊक आहे. मीटिंगला मी येणार आहे.

तिथून तसाच मामाकडे गेलो. या वेळी हात करून पुढे गेलो नाही. सोप्यावर बसलो, चूक माझी होती म्हणालो, आणि अजून काही पक्कं नाही हेही सांगितलं. मामा बराच वेळ पागोळ्यांकडे बघत राहिला. मला वाटलं, आता ऊठ म्हणेल.

मग म्हणाला, "खंयच्या वाड्यांची मॅच?" मी म्हटलं अजून ठरलं नाही. तर आत वळून मामीला वही शोधायला सांगितली, आणि मला म्हणाला, "सायकल आतां जायना म्हाका. भुरग्यांचीं नांवां तूं बरोवन हाड." (सायकल आता जमत नाही मला. पोरांची नावं तू लिहून आण.)