बारा सागरी मैलांपलीकडेही कायदा पोहोचतो

किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या पुढे कोणत्याही देशाचा कायदा चालत नाही, त्यामुळे तिथे पवनचक्क्या उभारणाऱ्या कंपनीला एकदा परवाना मिळाला की तिला कोणी जाब विचारू शकत नाही, आणि आयुष्य संपलेले सांगाडे ती समुद्रातच सोडून जाईल, असा मजकूर सध्या बराच फिरतो आहे. ज्यांची जाळी त्या पाण्यात पडतात त्यांनी हे खरे मानले, तर तक्रार करण्याचा आपल्याला हक्कच नाही असे ते धरून चालतील. म्हणून त्यातला प्रत्येक मुद्दा तपासणे मला आवश्यक वाटते.

बारा मैलांची गोष्ट अर्धवट ऐकलेली आहे. १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, ही देशाच्या पूर्ण सार्वभौमत्वाची हद्द आहे. त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र असते. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराचे कलम ५६ तिथल्या वाऱ्यापासून ऊर्जा निर्माण करण्याचा हक्क किनारी देशालाच देते, तर कलम ६० नुसार तिथल्या बांधकामांवर सीमाशुल्क, आरोग्य, सुरक्षा आणि स्थलांतर यांविषयीचे कायदे लागू करण्याचा अधिकारही त्याच देशाचा असतो. भारताने तर त्याआधीच, १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्यात, भरती-ओहोटी, वारे आणि प्रवाह यांपासूनची ऊर्जा आपल्या हक्कांत नोंदवून ठेवली होती. त्या कायद्याचा भंग केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, आणि समुद्रातील पवनऊर्जेसाठीचे २०२३ चे भाडेपट्टा नियम त्याच कायद्याखाली आले आहेत.

हे केवळ कागदावरचे नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात पी-३०५ हा बार्ज (तेलक्षेत्रातील कामगारांच्या निवासाचे सपाट तळाचे जहाज) मुंबईपासून दूर, बारा मैलांच्या बऱ्याच पलीकडे, तेलक्षेत्रात बुडाला. त्यावरच्या २६१ जणांपैकी १८६ जणांना वाचवण्यात आले, आणि कप्तानावर गुन्हा नोंदला गेला तो मुंबईच्या यलो गेट पोलीस ठाण्यात.

परवान्यानंतर कोणी विचारत नाही, हा दुसरा दावा. अमेरिकेतील व्हिनयार्ड विंड प्रकल्प मार्थाज व्हिनयार्ड बेटाच्या दक्षिणेस सुमारे २४ किलोमीटरवर आहे. १३ जुलै २०२४ रोजी तिथल्या एका चक्कीचे १०७ मीटर लांबीचे पाते तुटले आणि फायबरग्लासचे तुकडे शेजारच्या नॅन्टकेट बेटाच्या किनाऱ्याला लागले. समुद्रातील सुरक्षा पाहणाऱ्या केंद्रीय यंत्रणेने वीजनिर्मिती आणि पुढची उभारणी दोन्ही थांबवली व पुरावे जपून ठेवण्याचा आदेश दिला. दोष कॅनडातील कारखान्यात पाते चिकटवताना राहिला असल्याचे उत्पादक जीई व्हर्नोव्हाने मान्य केले. जानेवारी २०२५ मध्ये काम पुढे नेण्याची परवानगी मिळाली ती त्या कारखान्यातून आलेली, आधीच बसवलेली पाती उतरवण्याच्या अटीवर. आणि पुढे त्याच वर्षी जीई व्हर्नोव्हाने नॅन्टकेट नगराशी १ कोटी ५ लाख डॉलरची तडजोड केली. जर्मनीत नियंत्रण त्याहून रोजचे आहे. पाया ठोकताना ७५० मीटर अंतरावर पाण्याखालचा आवाज १६० डेसिबलच्या पुढे जाऊ नये अशी मर्यादा तिथे आहे. शिंशुमारासारख्या (डॉल्फिनसारखा दिसणारा छोटा सागरी सस्तन प्राणी) प्राण्यांच्या श्रवणाला इजा होऊ नये हा तिचा हेतू असून, ती पाळण्यासाठी कंपन्यांना खांबाभोवती हवेच्या बुडबुड्यांचा पडदा सोडावा लागतो आणि आवाज मोजून दाखवावा लागतो.

सांगाड्यांबाबत फार लिहिण्याची गरज नाही. वापर संपलेली बांधकामे काढण्याचे बंधन कलम ६० मध्येच आहे, आणि १९९१ मध्ये उभारलेला डेन्मार्कचा विंडेबी प्रकल्प, त्याच्या अकराही चक्क्यांसह, २०१७ मध्ये काढून टाकण्यात आला.

मात्र या मजकुरामागची एक शंका मला रास्त वाटते. निरीक्षकाला तिथे पोहोचायला बोट किंवा हेलिकॉप्टर लागते, हवामान अनुकूल लागते, आणि बरीचशी माहिती कंपनीच्याच उपकरणांतून व अहवालांतून येते. पाते तुटल्याची खबर आपल्याला दोन दिवस उशिरा मिळाली, ही नॅन्टकेटच्या लोकांची तक्रार याच कमकुवतपणाकडे बोट दाखवते. आपल्याकडे पहिले प्रकल्प गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात योजलेले आहेत. ते उभे राहण्यापूर्वीच, अपघाताची खबर किनाऱ्यावरच्या मच्छीमार संस्थांना किती तासांत द्यायची आणि आवाजाच्या व पात्यांच्या तपासणीच्या नोंदी कोणाला पाहायला मिळतील, हे भाडेकराराच्या अटींत लिहून घेण्याची मागणी करता येते.