‘ते इंग्रजी शिकतच नाहीत’: एका फिरत्या दाव्याला उत्तर

अमेरिकेतल्या स्थलांतरितांबद्दल एक मजकूर वारंवार फिरतो, मराठी गटांतही. सारांश असा: पूर्वी युरोपातून आलेले लोक पटकन इंग्रजी शिकून मिसळून गेले, आताच्यांपैकी निम्म्यांना इंग्रजी येत नाही, कारण त्यांना शिकायचंच नसतं, आपल्या भाषेत सोयी मिळतात म्हणून ते आणखी सोकावतात, आणि आपण भारतीय मात्र शिकलो. एकेक मुद्दा घेऊ.

‘पूर्वीचे पटकन शिकले.’ बेंजामिन फ्रँकलिन १७५१ मध्येच तक्रार करत होता की पेनसिल्व्हेनियातले जर्मन इंग्रजी स्वीकारणार नाहीत, उलट आपल्यालाच जर्मन करून टाकतील. ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरात १८४० पासून सरकारी शाळांतून जर्मन-इंग्रजी शिक्षण चालायचं. विस्कॉन्सिनमधल्या हुस्टिसफर्ड गावात, जर्मन वस्ती होऊन अनेक दशकं उलटल्यावरही, १९१० च्या जनगणनेत सुमारे चौथा हिस्सा लोकांनी फक्त जर्मन येत असल्याचं नोंदवलं होतं. त्यातले काही अमेरिकेतच जन्मलेले होते. आजच्या मुलांचं चित्र याच्या अगदी उलट आहे. दुसरी पिढी इंग्रजीत सराईत असते, आणि तिसऱ्या पिढीपर्यंत बहुतेक घरांत आजीची भाषा बोलणारं कुणी उरत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींच्या २०१५ च्या अहवालाचा निष्कर्षही हाच होता: आजचे स्थलांतरित पूर्वीच्यांइतक्याच, किंबहुना जास्त वेगाने इंग्रजी शिकतात.

‘निम्म्यांना इंग्रजी येत नाही.’ हा आकडा कसा तयार होतो ते नीट पाहण्यासारखं आहे. जनगणना विभागाच्या वार्षिक पाहणीत आधी विचारतात, घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलता का? उत्तर ‘हो’ असेल तर पुढचा प्रश्न, इंग्रजी कितपत येतं? पर्याय चार: खूप चांगलं, चांगलं, फारसं चांगलं नाही, अजिबात नाही. ‘खूप चांगलं’ सोडून दुसरं काहीही निवडलं की माणूस ‘मर्यादित इंग्रजी’च्या रकान्यात जातो. म्हणजे जो स्वतःहून नम्रपणे ‘चांगलं’ म्हणतो, डॉक्टरांशी बोलतो, दुकान चालवतो, तोही एक अक्षर न येणाऱ्यासोबत मोजला जातो. या मोजणीने परदेशात जन्मलेल्यांपैकी जवळपास निम्मे त्या रकान्यात येतात, आणि मजकूर लिहिणारा त्याचं ‘येत नाही’ करून टाकतो. परीक्षा कुणी घेत नाही. बऱ्याचदा घरातला एकच जण सगळ्यांची उत्तरं भरतो. शिवाय गेल्या वर्षी आलेला आणि तीस वर्षांपूर्वी आलेला, दोघं त्याच टक्केवारीत असतात. नवे लोक येत राहतात, म्हणून प्रत्येक जण शिकत असला तरी एकूण आकडा फारसा हलत नाही.

‘शिकायचंच नसतं.’ इथे तासांचा हिशेब करावा लागतो. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या अधिकाऱ्यांना स्पॅनिश शिकवायला सुमारे ६०० ते ७५० तास धरते आणि चिनी किंवा अरबीला सुमारे २,२००. उलट दिशेचा, म्हणजे त्या भाषा बोलणाऱ्यांनी इंग्रजी शिकण्याचा, हिशेब तंतोतंत तेवढाच नसेल, पण अंदाज येतो. हे अधिकारी पगार घेऊन दिवसभर शिकतात. कामगार आठवड्यातून दोन संध्याकाळी दोन-दोन तास वर्गाला गेला, वर्षात चाळीस आठवडे वर्ग भरले, तर होतात १६० तास. ६०० तासांना पावणेचार वर्षं, २,२०० तासांना जवळजवळ चौदा. पाळी बदलली किंवा मूल आजारी पडलं की वर्ग बुडतो. आणि मायभाषेतच लिहिता-वाचता येत नसेल तर आधी अक्षरओळखीपासून सुरुवात. अशा माणसाला सरळ व्याकरणाच्या वर्गात बसवलं की तो बहुधा लवकरच गळतो.

‘सोयींमुळे सोकावतात.’ इस्पितळात दुभाषी नसेल तर दहा वर्षांचं मूल आईच्या औषधाचं प्रमाण सांगू लागतं. त्याने आईचं इंग्रजी सुधारत नाही, गोळ्या चुकतात. नागरिकत्वासाठी इंग्रजी लागतंच: तीनपैकी एक वाक्य नीट वाचायचं, तीनपैकी एक लिहायचं, आणि बोलणं अधिकारी मुलाखतीतच पारखतो. सूट ठरावीक लोकांनाच आहे, उदाहरणार्थ पन्नाशी ओलांडलेले आणि कायम निवासी म्हणून वीस वर्षं राहिलेले.

‘आपण भारतीय शिकलो.’ आपल्यातले बहुतेक तिथे जाऊन शिकलेले नाहीत, शिकून गेले. कॉलेजचं शिक्षण इंग्रजीतून, व्हिसा पदवीवर. ज्याला ही चाळणी लागलीच नाही त्याच्याशी आपली तुलना करणं अन्यायाचं आहे. आणि ‘इंग्रजी येत नाही’ हा शिक्का आपल्यावरही बसतो. अमेरिकी संशोधक डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ मध्ये एकाच अमेरिकी स्त्रीच्या आवाजातलं व्याख्यान विद्यार्थ्यांना ऐकवलं. काहींना गोरा चेहरा दाखवला, काहींना आशियाई. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना त्याच आवाजात परका हेल ऐकू आला.

हेल आणि समजणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मन्रो आणि डर्विंग या भाषा-संशोधकांनी १९९५ मध्ये दाखवलं: जोरदार हेल असलेलं बोलणंही पूर्ण समजू शकतं. मराठी माणसाचं बोलणं अडतं ते ठरावीक जागी. इंग्रजीत शब्दारंभीच्या ‘प’ला ‘फ’सारखा श्वास असतो, आपला कोरडा ‘पिन’ अमेरिकी कानाला ‘बिन’ वाटतो. ‘वेट’ (wet) आणि ‘व्हेट’ (vet) लिहिताना वेगळे दिसले तरी बोलताना आपल्याकडे अनेकदा एकच ‘व’ होतो. ‘डेव्हलप’मध्ये आपण पहिल्या अक्षरावर जोर देतो, तिथे तो दुसऱ्यावर असतो. समजायला बरीच अडचण या जोरामुळे येते, म्हणून सराव तिथून सुरू करावा. ऐकणाऱ्याला शब्द कळला नाही तर ‘तुमचं इंग्रजी कळत नाही’ म्हणण्याऐवजी नेमका कोणता शब्द कळला नाही ते विचारावं. बोलणारा तो दुसऱ्या शब्दांत सांगू शकतो.